भाड्याच्या घरातली आग



व्याख्यानमालेच्या मंचावरून सहसा मोठे विषय बोलले जातात. मी आज एका जळालेल्या फ्लॅटविषयी बोलणार आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी भाडेकरू होते किंवा आज घरमालक आहेत. पुष्कळ जण दोन्ही आहेत, नोकरीच्या गावी भाडेकरू आणि स्वतःच्या गावी घरमालक. तरीही भाड्याच्या घरात अपघाताने आग लागली तर कुणी काय भरायचं, असं विचारलं की या सभागृहात दहा उत्तरं निघतील. दिवाणी वकिली करताना ही दहाही उत्तरं मी ऐकली आहेत, आणि वाईट एवढंच वाटतं की ती सगळी आग विझल्यानंतर ऐकली. आधी कुणी विचारायला येत नाही.

एक प्रसंग धरून चालू या. काल्पनिक आहे, पण असे प्रसंग शहरोशहरी घडतात. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक नाशिकला, राहणारं जोडपं पुण्यात, दोघंही नोकरीला. अकरा महिन्यांचा करार, पन्नास हजारांचं डिपॉझिट. डिसेंबरातली पहाट. गीझर चालू आहे आणि बाथरूमच्या दारावरच्या स्विचबोर्डातून धूर येतो. बंब येईपर्यंत एक खोली जळते, स्वयंपाकघराचं छत काळं पडतं, आग विझवायला मारलेलं पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरतं. माणसं वाचतात.

आठवडा उलटतो. मालकाचा फोन येतो, ‘डिपॉझिट विसरा, वर तीन लाख द्या. घर तुमच्या ताब्यात होतं.’ राहणारा म्हणतो, ‘वायरिंग तुमचं. आमचा संसार जळाला, तो कोण भरून देणार?’ खालचे म्हणतात, ‘आमच्या फर्निचरचं काय?’ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘आम्ही फक्त सभासदाला ओळखतो, भाडेकरूला नाही.’ चौघंही मनापासून बोलत असतात.

यातलं बरोबर कोण?

पहिला मुद्दा असा की आग कुणी मुद्दाम लावली नव्हती, एवढ्यावर कुणी सुटत नाही. आणि आग माझ्या ताब्यातल्या घरात लागली, एवढ्यावर कुणी अडकतही नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवा. आपल्याकडे मालक फक्त पहिलं ऐकतो आणि भाडेकरू फक्त दुसरं.

तोटा मुळात ज्याची वस्तू जळाली त्याचा. भिंती, खिडक्या, छत मालकाचं, म्हणून त्यांचा तोटा मालकाचा. कपडे, लॅपटॉप, पलंग राहणाऱ्याचा, म्हणून त्यांचा तोटा राहणाऱ्याचा. तो तोटा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा असेल तर एक तर त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, नाही तर करारात त्यानं तशी जबाबदारी घेतली होती हे दाखवावं लागतं. ‘तुझ्याच घरात लागली’ हा आरोप झाला. तो पुरावा होत नाही.

मग लोक दैवाकडे वळतात. आग म्हणजे दैवी कोप, त्याला कोण काय करणार? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. उत्तर प्रदेशात एका मद्य कंपनीच्या गोदामाला आग लागली, साठा जळाला, आणि सरकारनं त्यावरचं उत्पादन शुल्क मागितलं. कंपनी म्हणाली, ही दैवी आपत्ती. न्यायालयानं ते मानलं नाही. वादळ, पूर, आकाशातली वीज, भूकंप अशी कोणतीही बाहेरची नैसर्गिक शक्ती नसताना लागलेल्या आगीला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही, असा तो निकाल आहे. वाद कराचा होता, भाड्याचा नव्हता. पण तत्त्व आपल्या स्विचबोर्डालाही लागू पडावं असंच आहे. बाथरूमबाहेरच्या स्विचबोर्डात दैव शिरत नाही. तिथे वायरमनचा हात पोचलेला असतो, किंवा पोचायला हवा होता तेव्हा पोचलेला नसतो.

आणि इथे मला पंचनाम्यातल्या त्या ठरीव ओळीबद्दल बोललंच पाहिजे. ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी.’ वर्तमानपत्रात हीच ओळ, पोलिसांच्या कागदात हीच ओळ, विम्याच्या अर्जातही हीच. हे वाक्य आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, जणू कारण सापडलं. कारण सापडलं का? शॉर्टसर्किट झालं, हे कसं झालं याचं वर्णन आहे. का झालं, हे अजून विचारायचंच आहे. जोड ढिला होता का? वायर चाळीस वर्षांची होती का? अर्थिंग होतं का? फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार गुंडाळली होती का? एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवला होता का? दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो. तो सहा अँपिअरच्या सॉकेटला जोडला तर काय होणार? पहिल्या दिवशी काहीच होत नाही. सॉकेट तापतं, निवतं, पुन्हा तापतं. जोड हळूहळू सैल होतो, ठिणगी धरतो, आणि एका पहाटे पेटतो. त्या पहाटेला आपण अपघात म्हणतो. त्याच्या आधीच्या सगळ्या पहाटांना काय म्हणायचं?

आता प्रश्न येतो की तो गीझर त्या सॉकेटवर कुणी बसवला? मालकानं घर देतानाच बसवलेला असेल तर एक उत्तर. राहणाऱ्यानं स्वतःचा गीझर आणून, मालकाला न विचारता लावला असेल तर दुसरं. मी माझ्या अशिलांना एक ठोकताळा सांगतो. कायद्यात तो असा लिहिलेला नाही, पण बहुतेक वाद त्यानं मार्गी लागतात. मीटरच्या आधी जे बिघडलं त्याचा जाब वीज कंपनीला विचारा. मीटरपासून भिंतीच्या आत जे आहे ते मालकाला. भिंतीबाहेर प्लगला जे लावलं ते लावणाऱ्याला. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज, ओव्हन आणि इस्त्री एकदम लावणारा, किंवा इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्रभर घरात चार्जिंगला ठेवून झोपणारा भाडेकरू ‘वायरिंग जुनं होतं’ म्हणून पूर्ण सुटणार नाही. दोघांचीही चूक असेल तर? तर दोघांच्या वाट्याला येईल तेवढी. आयुष्यात बहुधा असंच असतं. न्यायालयालाही ते कळतं.

सिद्ध कुणी करायचं? जो भरपाई मागतो त्यानं. पण इथे एक गाठ आहे. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे १०६वं कलम, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १०९वं. पहाटे पाच वाजता बंद दाराआड काय चालू होतं, हे घरात राहणाऱ्यालाच माहीत. आणि दहा वर्षांपूर्वी भिंतीत कोणती वायर घातली, हे मालकालाच माहीत. दोघांनाही गप्प बसून चालत नाही. म्हणून माझी हात जोडून विनंती असते की जळालेला बोर्ड फेकू नका. घर स्वच्छ करायची घाई सगळ्यांना असते, ती मी समजू शकतो. काळ्या भिंती बघवत नाहीत. पण तो वितळलेला बोर्ड, ती वायर, तो एमसीबी हाच तुमचा साक्षीदार असतो. फोटो काढा. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्या. वाद मोठा असेल तर विद्युत निरीक्षकाच्या तपासणीचा आग्रह धरा. रंगरंगोटी झाल्यावर माझ्याकडे येणाऱ्याला मी फार थोडं देऊ शकतो.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा. आपण सगळे सरसकट ‘भाडेकरू’ म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

१८८२ साली या देशात दोन कायदे पाठोपाठ झाले. त्या वर्षीचा चौथा कायदा मालमत्ता हस्तांतरणाचा, पाचवा सुविधाधिकारांचा. मुंबई इलाख्यात ते काही वर्षांनी लागू झाले. चौथ्या कायद्यात भाडेपट्टा आहे, पाचव्यात लायसन्स. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क तुमच्याकडे येतो. लायसन्समध्ये नुसती परवानगी मिळते. आता हे दोन कायदे आगीबद्दल काय म्हणतात ते शेजारी ठेवून पाहा.

चौथ्या कायद्याचं कलम १०८ सांगतं की आग, वादळ, पूर, सैन्याची किंवा जमावाची हिंसा, किंवा अशाच एखाद्या अनावर शक्तीमुळे जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्या कामाला कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे भाडेकरूनं ठरवावं. भाडेकरूनं. मालकानं नाही. अट एकच, ते नुकसान भाडेकरूच्या गैरकृत्यानं किंवा कसुरीनं झालेलं नसावं. भाडेकरूनं पट्टा संपवला नाही, तर तो चालू राहतो. अर्थात भाडंही चालू राहतं. हे अनेकांना ठाऊक नसतं. घर महिनाभर राहण्याजोगं नाही, एवढ्यानं या कलमाखाली भाडं आपोआप थांबत नाही. ‘कायमची निकामी’ हे शब्द तिथे आहेत आणि ते जड आहेत.

पाचवा कायदा काय म्हणतो? कलम ६२ मध्ये लायसन्स केव्हा रद्द झालं असं समजायचं त्याची यादी आहे. त्यात एक कारण असं की जागा नष्ट झाली, किंवा वरचढ शक्तीमुळे कायमची इतकी बदलली की परवानगीचा उपयोगच करता येत नाही. झालं. परवानगी संपली. इथे निवड नाही, विचारणा नाही.

म्हणजे एकाच इमारतीत एकाच आगीत शेजारशेजारच्या दोन खोल्या जळल्या, एकीत पागडीचा जुना भाडेकरू आणि दुसरीत अकरा महिन्यांच्या लायसन्सच्या करारावरचं तरुण जोडपं, तर पहिल्याचा हक्क राखेतूनही शिल्लक राहतो आणि दुसऱ्याचा धुराबरोबर जातो. आज महाराष्ट्रात नव्यानं घर भाड्यानं घेणारा बहुतेक प्रत्येक जण त्या दुसऱ्या खोलीत राहतो. त्याला हे कुणी सांगितलेलं असतं का?

पागडीच्या भाडेकरूचा हक्क शिल्लक राहतो, हेही काही सहज मिळालेलं नाही. केरळातल्या एका दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आधी उलटं म्हटलं होतं. दुकान आगीत नष्ट झालं, म्हणजे भाडेकरारही संपला. त्या निकालाची सावली जुन्या इमारतींतल्या हजारो भाडेकरूंवर पडली होती. मग २०१४ साली शहा रतनशी खिमजी यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल चूक ठरवला. भाडं फक्त भिंतींचं नसतं, त्याखालच्या जमिनीचंही असतं. इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण कायद्याच्या बारकाव्यात नाही. इमारत जळाल्यानं किंवा पडल्यानं जर भाडेकरू आपोआप बाहेर जाणार असेल, तर इमारत सांभाळण्यात मालकाचा रस कमी होईल. आगीतून कुणालाही नफा होता कामा नये. कायद्यानं एवढं तरी पाहिलंच पाहिजे. अर्थात हक्क शिल्लक राहणं वेगळं आणि छप्पर परत मिळणं वेगळं. ती लढाई पुढे वर्षानुवर्षं चालते. मुंबईतल्या श्रोत्यांना मी ते सांगायला नको.

लायसन्सवाल्याला मात्र काहीच संरक्षण नाही, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्याच पाचव्या कायद्यात कलम ५७ आहे. जागेत असा काही दोष असेल की ज्यानं राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोचू शकतो, तो मालकाला माहीत आहे आणि राहणाऱ्याला नाही, तर मालकानं तो सांगितलाच पाहिजे. कलम ५८ म्हणतं, जागा धोकादायक होईल असं काही मालकानं करू नये. भाडेपट्ट्यातही असंच आहे. नेहमीच्या काळजीनं पाहूनही भाडेकरूला कळणार नाही असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल तर त्यानं तो उघड केला पाहिजे. आधीच्या भाडेकरूनं ‘बोर्डातून करपल्याचा वास येतो’ असं मालकाला कळवलं होतं, मालकानं फक्त बोर्डाचं झाकण बदललं आणि नव्या जोडप्याला घर दिलं. असं घडलं असेल तर आपल्या त्या फ्लॅटची गोष्ट पूर्ण पालटते. मग तीन लाख मागणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

हे कायदे १८८२चे आहेत, हेही मनात ठेवा. तेव्हा आपल्या घरांत वीज नव्हती. आग म्हणजे चूल, समई, कंदील. ज्योत डोळ्यांना दिसायची आणि ती कुणाच्या हातात होती हेही दिसायचं. आज आग भिंतीत दडून बसलेली असते. भिंत मालकाची, भिंतीसमोर झोपणारा दुसराच, आणि भिंतीतलं दोघांनाही दिसत नाही. म्हणून या जुन्या कायद्यांतलं ‘माहीत असणं’ आज सगळ्यात महत्त्वाचं झालं आहे. कुणाला माहीत होतं? त्यानं ते कुणाला सांगितलं? कशात लिहून ठेवलं?

यावरून मी करारावर येतो. कलम १०८ मधल्या या सगळ्या तरतुदी करारात वेगळं काही ठरलं नसेल तर लागू होतात. करारानं त्या बदलता येतात. आणि आपले करार कोण लिहितं? एजंटच्या संगणकात साचा तयार असतो. नाव बदला, रक्कम बदला, प्रिंट काढा. त्या साच्यात हमखास एक ओळ असते की जागा घेतली त्याच स्थितीत परत द्यावी, सामान्य झीज वगळता. कलम १०८ मध्येही जागा चांगल्या स्थितीत परत देण्याचं बंधन आहे, पण तिथे दोन सवलती आहेत. वाजवी झीज आणि अनावर शक्ती. साच्यातून दुसरी सवलत गळून पडलेली असते. कुणी कट केला म्हणून नव्हे. कुणी वाचलं नाही म्हणून. पण वाद झाला की मालकाचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. ते त्याचं कामच आहे. दोष सही करणाऱ्या दोघांचा आहे. मालकाचाही, कारण गीझर आणि वायरिंग कोण तपासणार, किती महिन्यांनी तपासणार, हे त्यानंही लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, मानलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी कोऱ्या मुद्रांकावर करार लिहून कपाटात ठेवणाऱ्या मालकांनी आगीच्या दिवसाचा विचार करावा.

दुरुस्तीबद्दल त्याच कायद्याचं कलम १४ भाडेकरूला एक हत्यार देतं. जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्यानं ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण नोटीस हवी. ‘मी फोनवर सांगितलं होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मन खट्टू होतं. सांगितलं असेल हो, माझा विश्वास आहे. पण न्यायालयाला दाखवायचं काय? दोन ओळींचं पत्र, ईमेल, अगदी व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप आणि बोर्डाचा फोटोसुद्धा चालेल. काहीतरी लिहिलेलं असू द्या.

आता विमा. याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे समजापेक्षा गैरसमज जास्त आहेत.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. ती इमारतीची घेता येते, घरातल्या वस्तूंची घेता येते, दोन्हींची घेता येते. घर आपलं नसलं तरी त्यातलं सामान आपलं असतं, म्हणून भाड्यानं राहणाऱ्यालाही आपल्या वस्तूंचा विमा उतरवता येतो. किती जण उतरवतात? आपण मोबाइलच्या काचेला संरक्षण घेतो आणि संसाराला घेत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा घ्यावाच असं म्हटलं आहे. तुमच्या सोसायटीनं घेतला आहे का, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा.

एक दिलासा देणारी गोष्ट आहे. शीतगृहातल्या आगीच्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आगीचं नेमकं कारण शॉर्टसर्किट होतं की आणखी काही, हे विम्याच्या दाव्यात महत्त्वाचं नाही, जोवर दावा करणाऱ्यानं स्वतः आग लावलेली नाही. म्हणजे मालक आणि भाडेकरू ‘का लागली’ यावर भांडत बसले तरी विमा त्या भांडणात अडकून पडू नये. विमा या संकटातली सगळ्यात शहाणी वाट आहे ती यासाठीच.

पण एक खाचही आहे, आणि ती भाडेकरूंनी नीट ऐकावी. मालकाचा विमा मालकासाठी असतो. कंपनीनं मालकाला पैसे दिले की ती मालकाच्या जागी उभी राहते, आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली असं तिला वाटतं, त्याच्यावर वसुलीचा दावा करू शकते. ‘मालकाला विमा मिळाला, आता आपण सुटलो’ असं समजून निर्धास्त झालेल्या भाडेकरूला नंतर विमा कंपनीची नोटीस येऊ शकते. हे टाळायचं असेल तर पॉलिसी घेतानाच मालकानं कंपनीला घर भाड्यानं दिल्याचं सांगावं आणि राहणाऱ्याविरुद्ध वसुली न करण्याची अट मिळते का ते विचारावं.

गॅसचं वेगळं आहे. तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्वाचा विमा नोंदणीकृत ग्राहकांना असतो, त्यासाठी ग्राहकानं हप्ता भरायचा नसतो. मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख, उपचारासाठी माणशी दोन लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत दोन लाखांपर्यंत. पण मालमत्तेची भरपाई मिळते ती ग्राहकाच्या नोंदणीकृत जागेतल्या नुकसानीची. आता सांगा, भाड्याच्या किती घरांत सिलिंडर राहणाऱ्याच्या नावावर, त्याच पत्त्यावर असतो? मालकाचं कनेक्शन, मित्राचं कनेक्शन, गल्लीतून भरून आणलेली छोटी टाकी. परगावाहून शिकायला आलेली चार मुलं एका खोलीत राहतात आणि त्यांच्या शेगडीची नळी किती वर्षांची आहे हे त्यांना ठाऊक नसतं. ती नळी पाच वर्षांनी बदलायची असते. या मुलांच्या आईवडिलांपैकी कुणी इथे असतील तर आज रात्री फोन करून एवढंच विचारा, गॅस कुणाच्या नावावर आहे?

आतापर्यंत मी सामानाबद्दल बोललो. माणूस गेला तर हिशेब बदलतो. तिथे फौजदारी कायदा येतो. आगीबाबत निष्काळजी वर्तनाला भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे, निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याला कलम १०६. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. रेस्टॉरंट चालवणारे आणि जागेचे मालक, दोघांकडेही तपास वळला. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा विकासक, मालक, वापरणारा, ज्याला जे नाव असेल त्या प्रत्येकाला बांधतो. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ‘आम्ही फक्त भाडं घेतो’ आणि ‘आम्ही फक्त भाडं देतो’ ही दोन्ही उत्तरं तिथे चालत नाहीत, चालू नयेत. दुकानाच्या पोटमाळ्यावर कामगारांना झोपायला जागा देणाऱ्या आणि बाहेरून शटर ओढणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकून ठेवावं. तिथे आग लागली तर ते माझ्या लेखी अपघात नाही.

आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं काय करायचं? मी न्यायाधीश असतो तर आधी तो गीझर कुणी बसवला हे विचारलं असतं. मालकानं बसवला असेल, वायरिंग जुनं असेल आणि जोडप्यानं नेहमीसारखा वापर केला असेल, तर डिपॉझिट परत, आणि जोडप्याच्या सामानाची भरपाई मागायलाही जागा आहे. जोडप्यानं स्वतः सहा अँपिअरच्या सॉकेटवर लावला असेल, तर खोलीच्या दुरुस्तीचा खर्च त्यांचा, आणि खालच्यांच्या फर्निचरचाही बहुधा त्यांचाच. आणि काहीच सिद्ध झालं नाही, तर ज्याचं जळालं त्याचं गेलं. डिपॉझिट मालकानं आपल्या मनानं अडवून ठेवायचं नाही. डिपॉझिट तारण आहे. ते दंड म्हणून अडवून ठेवणारा मालक स्वतःच स्वतःचा न्यायाधीश होतो.

माझं मागणं दोघांकडे आहे, सरकारकडे आणि तुमच्याकडे. सरकारनं भाडेकरार ऑनलाइन नोंदवायची सोय केली, हे चांगलं केलं. त्या साच्यात आगीचं एक कलम घालावं. घर ताब्यात देताना वायरिंग, अर्थिंग आणि गॅसची नळी कुणी, कधी तपासली, नव्या जड उपकरणाला परवानगी कुणाची, घर राहण्याजोगं नसेल तेवढे दिवस भाडं द्यायचं की नाही, विमा कुणाचा. चार ओळी पुरतील. त्यासाठी नवा कायदा नको, नवं न्यायालय नको.

आणि सरकार करेल तोवर तुमच्या हाती आहे ते तुम्ही करा. येत्या महिन्यात ज्यांचे अकरा महिने भरत असतील त्यांनी नव्या करारावर सही करण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा, त्याच्याकडून मेन स्विच उघडून घ्या, आणि त्यानं जे पाहिलं ते दोघांच्या सहीनं करारात लिहून घ्या.